व्यसनमुक्ती केंद्रात सक्तीने भरती: सही करण्याआधी आणि सही झाल्यावर

भरतीचा फॉर्म पुष्कळ केंद्रांत एकाच मासल्याचा असतो. वर संस्थेचं नाव, कोपऱ्यात रुग्णाचा फोटो आणि खाली चार ओळी: ‘रुग्णास सहा महिन्यांकरिता संस्थेच्या ताब्यात देत आहोत. मुदतीपूर्वी परत मागणार नाही. पहिला महिना भेट अथवा फोन मागणार नाही. काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.’ त्याखाली बायकोची, वडिलांची किंवा थोरल्या भावाची सही. रुग्णाच्या सहीला जागाच नसते, असलीच तर ती कोरी.

या चार ओळींतली एकही कायद्यापुढे टिकत नाही. सज्ञान माणसाला कुणाच्या ‘ताब्यात’ देण्याचा अधिकार बायकोला नाही, आईबापालाही नाही. बाहेर पडण्याची मागणी करण्याचा हक्क रुग्णाचा स्वतःचा आहे, तो दुसऱ्या कुणी लिहून दिल्याने संपत नाही. भेटी आणि फोनला केंद्र वेळेचं बंधन घालू शकतं, सरसकट बंदी नाही. आणि ‘जबाबदार राहणार नाही’ असं आधीच लिहून घेतलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

तरी लोक सही करतात. का करतात तेही कळतं. रात्री दोनला घरात भांडी फुटत असतात, पोरं पलंगाखाली लपलेली असतात, पगार गेलेला असतो, आणि फोनवरचा माणूस म्हणतो, ‘पत्ता पाठवा, तासाभरात गाडी येते.’ हे सगळं त्या तासाच्या आधी वाचायचं आहे. गाडी येऊन गेली असेल, तर ‘आत अडकलेल्याला बाहेर काढताना’ या भागापासून सुरुवात करा.

कायदा नेमका कोणता

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था स्पष्ट शब्दांत घेतल्या आहेत. म्हणजे असे रुग्ण उपचारासाठी किंवा पुनर्वसनासाठी जिथे मुक्कामाला ठेवले जातात ती जागा या कायद्याखाली येते, मग पाटीवर हॉस्पिटल लिहिलेलं असो, फाउंडेशन, आश्रम किंवा निसर्गोपचार केंद्र. कलम ६५ नुसार अशा जागेची मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते.

इथे हमखास फसगत होते. ऑफिसात फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र बहुधा धर्मादाय आयुक्तांकडचं किंवा सोसायटी नोंदणीचं असतं. तो संस्थेच्या जन्माचा दाखला झाला. रुग्ण ठेवण्याची नोंदणी वेगळी. ‘मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टखालचा नोंदणी क्रमांक दाखवा’ एवढंच म्हणायचं. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास कलम १०७ प्रमाणे पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास तो ५ लाखांपर्यंत जातो.

आता भरतीचे दरवाजे. पहिला कलम ८६ चा, स्वतंत्र रुग्ण म्हणून. माणूस स्वतःच्या मर्जीने, दडपणाशिवाय येतो, सही करतो, आणि ‘मला जायचंय’ म्हणाला की कलम ८८ प्रमाणे त्याला लगेच सोडावं लागतं. डॉक्टरांना धोक्याची चिन्हं दिसली तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं.

दुसरा दरवाजा कलम ८९ चा. याला सपोर्टेड अ‍ॅडमिशन म्हणतात आणि सक्तीच्या जवळ जाणारा मुख्य रस्ता हाच. त्याच्या अटी एकेक करून पाहण्यासारख्या आहेत, कारण फोनवरचा माणूस त्यातली एकही सांगत नाही. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचाराच्या बाबतीत आपल्या वतीने बोलायला त्याने नेमलेल्या माणसाचा, अर्ज हवा. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं: एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. दोघांचंही मत असं पडलं पाहिजे की आजाराच्या तीव्रतेमुळे त्याने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, किंवा दुसऱ्यावर हिंसा केली वा तशी भीती निर्माण केली, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलंय की जिवाला धोका आहे. शिवाय याहून कमी बंधनाचा उपाय शिल्लक नाही आणि तो स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नाही, हेही नोंदवावं लागतं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. पुरुष रुग्ण असेल तर ७ दिवसांत आणि स्त्री असेल तर ३ दिवसांत जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरत्या तपासणाऱ्या मंडळाला, कळवणं बंधनकारक.

३० दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९०: दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी. ती आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग १८०. ‘सहा महिन्यांचं पॅकेज’ या पायऱ्यांत कुठेच बसत नाही.

एक वाक्य मात्र पाठच करावं असं आहे. कलम ४ म्हणतं की एखाद्याचा उपचाराबाबतचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता गेली असं ठरत नाही. ‘त्याला काय कळतंय, पितोय तो!’ हे घरच्यांचं वाक्य तिथेच अडतं. भर नशेत किंवा भास होत असताना क्षमता नसू शकते, पण नशा उतरली, झोप झाली, की बहुतेकांची ती परत येते. म्हणून कलम ८९ खाली आलेला दारूचा रुग्ण पुष्कळदा आठवड्याभरात पहिल्या दरवाजाचा रुग्ण होतो. त्यानंतर तो राहणार असेल तर त्याच्या मर्जीने.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी कलम ८७ वेगळं आहे. तिथेही दोन तज्ज्ञांची तपासणी लागते, मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, सोबत पालक किंवा प्रतिनिधी राहतो, मुलीसोबत स्त्रीच हवी, आणि ७२ तासांत मंडळाला कळवावं लागतं. बारावीच्या पोराला दारूच्या जुन्या रुग्णांबरोबर हॉलमध्ये झोपवणारं केंद्र दिसलं तर बाकी काही तपासायची गरज नाही.

तो ‘नाही’ म्हणतोय तेव्हा

आधी प्रश्न सुटा करा. घरच्यांना त्याचं व्यसन सुटायला हवंय की घरातला मार थांबायला हवाय? दोन्ही हवं असतं, पण उपाय वेगळे आहेत. मारहाण हा मुद्दा असेल तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली संरक्षणाचा आदेश मिळतो, त्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेशही मिळू शकतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. नवऱ्याला सहा महिने कोंडून जे मिळवायचं असतं, ते पुष्कळ बायकांना या कायद्याने जास्त सरळ मिळतं. शिवाय सातव्या महिन्यात तो बदला घ्यायला घरी येतोय, ही धास्ती कमी राहते.

व्यसनाच्या बाजूने, तो येत नसेल तर तुम्ही एकटे जा. जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था: इथे नातेवाइकांशी बोलतात. फोनवर बोलायचं तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दारूड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, त्यांना पैसे लागत नाहीत.

बोलायची वेळ सकाळची, चहा झाल्यावर, तो शुद्धीत असताना. मागणी लहान ठेवा. ‘सोडून दे’ हे फार मोठं होतं. ‘मंगळवारी माझ्याबरोबर एकदा डॉक्टरकडे चल, भरती व्हायचं नाही, फक्त रक्त तपासू’ याला होकार मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. ज्या दिवशी पिऊन आला नाही त्या दिवशी घर नेहमीसारखं वागलं पाहिजे. ‘आज कसा काय?’ हा टोमणाही महागात पडतो. प्यायल्यावर त्याची उधारी भागवणं, कामावर खोटा फोन करणं, ओकारी पुसून ठेवणं हळूहळू थांबवा. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, म्हणून समुपदेशक घरच्यांनाही लागतो.

एक गोष्ट करूच नका. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ म्हणून विकली जाणारी पूड चहात किंवा आमटीत मिसळू नका. त्यात काय आहे ते पुडीवर कुणी लिहीत नाही. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असलेला माणूस यात दगावू शकतो. हे औषध चांगलं आहे, पण ज्याला ते ठाऊक आहे आणि मान्य आहे त्यालाच, शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

तो खरोखर कलम ८९ च्या अवस्थेत असेल, म्हणजे गळफासाची तयारी केलीय, कोयता घेऊन धावतोय, चार दिवस अन्नपाणी नाही आणि भिंतीवर मुंग्या दिसतायत, तर केंद्राची उचलून नेणारी (पिकअपची) गाडी न बोलावता १०८ किंवा ११२ ला फोन करा. तातडीच्या स्थितीत कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने. पोलिसांनाही कलम १०० नुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात कलम ठाऊक नसणं नवं नाही. क्रमांक कागदावर लिहून न्या.

पिकअपच्या पोरांनी हात-पाय बांधून गाडीत घातलं, तर तो अपराध आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये बेकायदा कोंडून ठेवण्याला शिक्षा आहे: ३ दिवस किंवा जास्त कोंडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, १० दिवस किंवा जास्त असेल तर ५ वर्षांपर्यंत. गाडी बोलावणाऱ्याचं नाव त्यात येणारच नाही असं धरून चालू नका.

पहिले चार दिवस

मानवी हक्क म्हटलं की लोकांना भाषण आठवतं. व्यसनमुक्तीत हा हक्क सगळ्यात आधी औषधाच्या ट्रेमध्ये दिसतो. सक्तीच्या केंद्रांतले जिवावरचे प्रसंग पुष्कळदा पहिल्या चार दिवसांतच येतात, कारण मारापेक्षाही तिथे ‘अंगावर काढायला’ लावतात.

दारूचं विड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्यावर शरीराला होणारा त्रास, शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत सुरू होतं: हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं. फिट्स बहुधा ६ ते ४८ तासांत येतात. ४८ ते ९६ तासांत डेलिरियम ट्रेमेन्सची वेळ: ताप, भास, दिवस-रात्र न कळणं, नसलेल्या माणसांशी बोलणं. उपचार न झाल्यास यात माणूस मरतो. डॉक्टर यावर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देतात, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, आणि दर काही तासांनी तपासून डोस ठरवतात. थायमिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी जायला हवं. उलटं झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘आमच्याकडे औषध नाही, फक्त प्रार्थना, योग आणि शिस्त’ असं अभिमानाने सांगणाऱ्या केंद्रात रोज तीन-चार क्वार्टर पिणारा माणूस सोडणं म्हणजे जुगार आहे.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, म्हणजे कुठे ‘बटन’ तर कुठे ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, अचानक तोडल्या तरी फिट्स येतात, कधी काही दिवस उलटल्यावर. त्या टप्प्याटप्प्याने उतरवाव्या लागतात. ब्राऊन शुगरची ‘टर्की’ ८ ते १२ तासांत लागते: अंग मोडून येणं, उलट्या, जुलाब, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस. निव्वळ टर्कीने सहसा कुणी मरत नाही, पण उलट्या-जुलाब चालू असताना कुलूपबंद खोलीत पाणी न देता ठेवलं तर मरतो. यासाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, जिभेखाली ठेवायची गोळी. ‘एक नशा सोडून दुसरी कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. उत्तर असं की या गोळीवर माणूस कामाला जातो, सुई टाळतो आणि जिवंत राहतो. एमडीवाल्याला (मेफेड्रोन घेणाऱ्याला) फिट्सची भीती कमी, पण उतरल्यावर येणारी खोल उदासी आणि आत्महत्येचे विचार यांवर डोळा ठेवावा लागतो.

डॉक्टरकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: शेवटचा घोट किंवा डोस किती वाजता, रोजचं प्रमाण किती (क्वार्टर, गोळ्या, पुड्या), आधी कधी फिट आली होती का, कावीळ, मधुमेह, रक्तदाब आणि चालू औषधं. गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका. रुग्ण कमी सांगतो आणि घरचे अंदाजे सांगतात. पाकीट खोटं बोलत नाही.

केंद्र बघायला जाल तेव्हा

वेळ न कळवता जा, शक्यतो संध्याकाळी पाचनंतर, ऑफिसची माणसं घरी गेल्यावर. रात्री ड्युटीवर कोण असतं? मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, आणि रजिस्टरवर त्यांच्या सह्या कुठे आहेत? रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात आणि कोणत्या गाडीने नेता? उत्तर लगेच आलं पाहिजे. ‘तशी वेळच येत नाही’ हे उत्तर धरायचं नाही.

मग दारं बघा. वॉर्डाला बाहेरून कुलूप असेल तर विचारा की आग लागली तर किल्ली कुणाकडे. हा प्रश्न कागदी नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या एका मनोरुग्ण आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या २८ जणांना जागेवरून हलताच आलं नाही. आजच्या कायद्याचं कलम ९५ कोणत्याही स्वरूपात साखळी लावायला बंदी करतं. कलम ९७ प्रमाणे एकांतवासही बंद. हात-पाय बांधणं फक्त तत्काळ इजा टाळण्यासाठी, दुसरा उपाय नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि तेवढ्याच वेळापुरतं. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही.

मुंडकी बघा. वीसपैकी अठरा जणांचं टक्कल असेल तर ते उवांमुळे नसतं. सक्तीने मुंडण करायला कलम २० मनाई करतं. स्वतःचे कपडे घालू न देणं, सक्तीचा गणवेश, मोबदल्याशिवाय सक्तीने भांडी-संडास-शेतीची कामं, शिवीगाळ, मार, हे सगळं त्याच कलमात येतं. ‘श्रमदान उपचाराचाच भाग आहे’ असं कुणी म्हणालं तर विचारा, नाही म्हणणाऱ्याचं काय करता?

दाखल असलेल्यांपैकी एकाशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या म्हणा. आणि ‘सिनियर’ कोण ते बघून ठेवा: जुन्या रुग्णांनाच नव्यांवर पहारेकरी नेमायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, मारहाणीची सुरुवात तिथून होते. जुना व्यसनी समुपदेशक होणं ही चांगली गोष्ट. त्याच्या हातात काठी आणि किल्ली असणं ही वेगळी.

पैसे महिन्याचे महिन्याला आणि पावतीवर द्या. सहा महिन्यांचे एकदम घेणारं केंद्र रुग्णाला लवकर सोडायला तयार होत नाही, आणि मग हिशेब उपचाराचा राहत नाही.

आधीच करून ठेवायचा एक कागद

रुग्ण शुद्धीत आणि शांत असेल अशा दिवशी त्याच्याकडून नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवून घ्या. कलम १४ प्रमाणे साधा कागद चालतो: ‘मी अमुक, माझा प्रतिनिधी म्हणून तमुक यांना नेमतो’, खाली सही किंवा अंगठा. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याची तयारी हवी. माणूस हे कधीही बदलू शकतो. असा कागद नसला की कायदा नातेवाइकाकडे वळतो, आणि जो भाऊ जमिनीच्या वाटणीवरून भांडतोय तोच प्रतिनिधी म्हणून पुढे येतो. वाटणीच्या वादात ‘दारुडा’ ठरवून भरती करण्याचे प्रकार होतात, म्हणून हा कागद फालतू समजू नये.

आत अडकलेल्याला बाहेर काढताना

क्रमाने जा, पण माणूस जखमी किंवा आजारी असेल तर क्रम सोडून थेट ११२.

पहिलं काम म्हणजे केंद्राला लेखी विचारणं: भरती कोणत्या कलमाखाली, ८६ की ८९? तपासणाऱ्या दोघांची नावं आणि तारखा? मंडळाला कधी कळवलं? ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, पुरावा राहतो. केंद्राकडे या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तुमची अर्धी केस तिथेच तयार झाली.

कलम ८६ चा रुग्ण असेल तर त्याने ‘मला डिस्चार्ज हवा’ एवढं लिहून द्यायचं. कागद घेत नसतील तर फोनवर बोलताना त्याने ते तोंडी सांगावं आणि तुम्ही ते त्याच दिवशी केंद्राला लेखी कळवावं. फोनच देत नसतील तर कलम २६ दाखवा. वकील, प्रतिनिधी, न्यायाधीश आणि मंडळाचे सदस्य यांच्याशी संपर्क केंद्राला अडवता येत नाही.

मग मंडळ. अर्जाला फी नाही. रुग्ण, त्याचा प्रतिनिधी, किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. अपवादात्मक परिस्थितीत आत असलेल्या रुग्णाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही घेता येतो. कलम ८९ च्या भरतीविरुद्धचा अर्ज मंडळाने ७ दिवसांत निकाली काढायचा असतो. मंडळाचा पत्ता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. मजकूर लांबवू नका:

‘अध्यक्ष, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ यांस. रुग्ण (नाव, वय) यांना दि. __ रोजी (केंद्राचं नाव, पत्ता) येथे त्यांच्या संमतीशिवाय ठेवण्यात आले आहे. भरतीपूर्वी मनोविकारतज्ज्ञांनी तपासलेले नाही. दि. __ पासून भेट व फोन नाकारला आहे. रुग्णास डिस्चार्ज हवा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ७७ व ८९ अन्वये भरतीचे पुनरावलोकन करून त्यांना मुक्त करावे, तोपर्यंत भेटीची परवानगी द्यावी व सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करावी ही विनंती.’ खाली तुमचं नाव, नातं, फोन. जे स्वतः पाहिलं तेच लिहा. ऐकीव गोष्ट असेल तर कुणाकडून ऐकली तेही.

मंडळ हलत नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली अर्ज करता येतो. बेकायदा कोंडलेल्या माणसाचा शोध घेऊन त्याला हजर करण्याचं वॉरंट ते काढू शकतात. त्यावर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोवा खंडपीठ, आणि २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० ला फोन करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, शिवाय मनोरुग्णालयात कोठडीत असलेल्यालाही.

माणूस बाहेर आला की त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेऊन ‘एमएलसी करा’ म्हणा, म्हणजे जखमांची पोलिसी नोंद होते. पाठ, तळपाय, मनगटं, घोटे यांचे फोटो तारखेसह काढा. तळपायावरचे वळ चार-पाच दिवसांत फिके पडतात आणि मग सगळं तोंडी उरतं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करायची असते.

त्याच्याजवळ माल सापडून गुन्हा दाखल झाला असेल तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४ए वकिलाला दाखवा. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल (हेरॉइनला ५ ग्रॅमपर्यंत, गांजाला १ किलोपर्यंत) आणि तो सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेतली जाऊ शकते. यातला ‘स्वेच्छेने’ हा शब्द कायद्यातलाच आहे. मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी मिळून सक्तीची व्यसनमुक्ती कोठडीकेंद्रं बंद करा असं सांगितलं तेव्हा त्यांचाही जोर याच शब्दावर होता.

घरी परत आल्यावर

सगळ्यात धोक्याचा काळ हाच, विशेषतः ब्राऊन शुगर आणि इंजेक्शनवाल्यांसाठी. तीन-चार आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. माणूस मात्र जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. मार खाऊन, रागाने बाहेर आलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी जुन्या अड्ड्यावर जातो, हे ध्यानात ठेवा. त्याला ओरडून हे सांगता येत नाही, पण सांगावं लागतं: घेतलंसच तर एकट्याने घेऊ नकोस, आणि पहिल्यासारखं घेऊ नकोस. ओठ निळे, श्वास घरघरता किंवा अगदी संथ, हलवून जाग येत नाही असं दिसलं तर कुशीवर वळवा, १०८ बोलवा आणि डॉक्टरांना ओपिऑइडचं (ब्राऊन शुगरसारख्या अफूच्या जातीच्या नशेचं) नाव सांगा, म्हणजे ते त्यावरचा उतारा, नॅलोक्सोन, देतील. पोलिसांच्या भीतीने नाव लपवण्यात जी दहा मिनिटं जातात, ती पुन्हा मिळत नाहीत.

डिस्चार्जच्या वेळी केंद्राकडून तीन गोष्टी लेखी घ्या: कोणती औषधं किती दिवस, पुढची तपासणी कोणत्या तारखेला आणि कुठे, आणि अडचण आली तर फोन कुणाला. पहिली तपासणी आठवड्याच्या आतली मागा. त्या तारखेला तुम्हीही बरोबर जा, बाहेरच्या बाकावर बसा, आणि डॉक्टरांशी आधी त्याला बोलू द्या.